आडव्या चेहऱ्याचं माप

त्या वर्षी मला झोप यायची ती दिवसा.

डिचोलीजवळच्या एका खाणीच्या प्रयोगशाळेत मी खनिजाची ओल मोजायचं काम करत असे. नमुना तोलायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा, पुन्हा तोलायचा. दोन वजनांतला फरक ती ओल. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी मी कामाला लागलो आणि तेव्हापासून माझी दशांशाची चूक कुणी दाखवली नव्हती. पण त्या वर्षी ओव्हनच्या उबेसमोर उभा राहिलो की ताटलीतली लाल माती हळूहळू हलू लागायची. मातीची नदी व्हायची, नदीवर बार्ज यायची, आणि मी त्या बार्जमधल्या खनिजावर उताणा पडून मुरगावच्या दिशेने वाहत असायचो. दोन्ही काठांवरचे माड मागे सरकत असायचे. मग शेजारच्या टेबलावरून आवाज यायचा, "भाऊ, आकडा सांगा." मी डोळे उघडून काट्याकडे बघायचो. आकडा बरोबर असायचा, पण तो मी कधी वाचला ते मला आठवत नसे.

एकदा मयेच्या तळ्याकडच्या रस्त्यावर, सकाळी साडेदहाला, बायको मागे बसलेली असताना मी स्कूटर चालवता चालवता झोपलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. तिच्या मते एक कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, संपून दुसरं लागेपर्यंत. ऊन झाडांतून गळत होतं, समोर पाण्याचा हिरवा तुकडा होता, आणि तो पाण्याचा तुकडा माझ्या डोळ्यांत शिरला एवढंच मला ठाऊक. स्कूटर आपोआप मंद होत शेताच्या बांधाला टेकली. कुणाला खरचटलंही नाही. बायको उतरली, साडी झटकली आणि म्हणाली, "तुमी वचात. हांव बशींतल्यान येतां." आणि खरंच ती बसने घरी आली. त्यानंतर ती माझ्यामागे बसली नाही.

घरात आम्ही जी बोली बोलतो ती बोलायची, आणि लिहिताना मराठी लिहायचं, अशी आमच्या पिढीची सवय आहे. म्हणून बोलणं जसं झालं तसं ठेवतो. कळायला अडचण नाही.

पणजीच्या डॉक्टरांना बायकोनेच सगळं सांगितलं. मला सांगण्यासारखं काही माहीतच नव्हतं, मी झोपलेलो असायचो. ती म्हणाली, "हे घोरतात त्याचं कायच ना, डॉक्टर. घोरायचे थांबतात तेन्ना म्हाका भंय दिसता." माझा श्वास बंद झाला की ती मनात आकडे मोजायची. वीसवर पोचली की कोपराने ढोसायची. मी एक मोठा उसासा टाकून पुन्हा सुरू व्हायचो, आणि तीही पुन्हा एकपासून सुरू करायची. आकड्यांची तिला कधी आवड नव्हती. दुकानातून आणलेल्या सामानाची बेरीजसुद्धा ती माझ्याकडे ढकलते. तीन वर्षं ती असं मोजत होती आणि मला पत्ता नव्हता. आमटीत दोनदा मीठ पडायचं, तुळशीला पाणी घालायला गेलेली बाई पाणी न घालताच परत यायची, आणि मी तिला म्हणायचो, अगं, लक्ष कुठे आहे तुझं.

तपासणीत आकडा आला अडतीस. ताशी अडतीस वेळा श्वास अडतो. डॉक्टर म्हणाले, रोज झोपताना मशीन लावायचं, नाकातोंडावर मास्क, त्यातून हवा येत राहील आणि गळा मिटणार नाही. रोज किमान चार तास, असा महिना भरला की मग स्कूटरचं बघू. बायकोकडे वळून ते म्हणाले, "वहिनी, तोवर तुम्ही दुसऱ्या खोलीत झोपा. तुमचीही तब्येत बघा."

"आनी यांका जागे कोण करतलो? तुमी?"

डॉक्टर हसले. ती हसली नाही. तेव्हा मला स्पष्ट कळलं की मास्क बसला तर दोघं झोपणार आहेत, नाही बसला तर दोघंही नाही. माझं एक वेळ चाललं असतं, मी ओव्हनसमोर तरी झोपत होतो. तिला तीही सोय नव्हती.

म्हापशाला एका दुकानात हे मास्क मिळत. तिथला माणूस बेळगावकडचा, तिशीतला, बोलका. पहिला मास्क त्याने नुसत्या नाकावरचा दिला. झोपेत माझं तोंड उघडायचं आणि सगळी हवा तिथून बाहेर जायची, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मी ओठ हलवत राहायचो. दुसरा मास्क नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा. हा घेताना मी चूक होऊ द्यायची नाही असं ठरवलं. प्रयोगशाळेतला व्हर्नियर घरी आणला, जेवणाच्या मेजाशी ताठ बसलो आणि आरशात बघत मापं घेतली. नाकाची रुंदी एक्केचाळीस मिलिमीटर. नाकाच्या मुळापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत ब्याण्णव. प्रत्येक माप तीनदा, आणि त्यांची सरासरी. मास्कसोबतच्या तक्त्याप्रमाणे मला मधला आकार लागू होत होता.

वहीतलं पान दाखवलं तसा दुकानातला माणूस म्हणाला, "सर, लोक येतात, नाकाला लावून बघतात, जातात. तुम्ही तर विहिरीचं माप घेतल्यागत घेतलंय."

खोक्यात तीन आकारांच्या गाद्या होत्या, म्हणजे चेहऱ्याला टेकणाऱ्या त्या मऊ सिलिकॉनच्या कडा. लहान आणि मोठी मी पिशवीच्या तळाशी ठेवून दिली, मधली लावली.

मशीन रोज सकाळी गळतीचा आकडा दाखवतं. मास्कच्या कडेतून मिनिटाला किती लिटर हवा वाया गेली तो आकडा. चोवीसच्या आत असला तर ठीक. माझा पहिल्या सकाळी सत्तेचाळीस आला. मी पट्ट्यांवर पेनाने अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरच्या खुणा केल्या आणि रोज एक खूण आवळत गेलो. एकोणचाळीस. छत्तीस. मला बरं वाटलं. मग चव्वेचाळीस, मग बावन्न. नाकाच्या हाडावर लाल चट्टा उठला, त्याची पुढे खपली झाली. कामावर सगळे विचारू लागले, दारात आपटलात काय? बायको म्हणाली, "पयली घोरताले. आतां कुकराची शिटी वाजता." आणि तरी तिचं मोजणं बंद नव्हतं, कारण हवा बाहेर पळाली की श्वास पूर्वीसारखाच अडायचा.

त्या मास्कमधली स्वप्नं मात्र मी विसरलो नाही. तोंडावर सारखा वारा असल्यामुळे असेल, सगळी स्वप्नं उघड्यावरची असायची. मी माडांच्या उंचीवरून तरंगत जायचो. खाली शेतं, शापोरा नदी, होडीतला माणूस मान वर करून बघायचा. कधी मी कौलांच्या घरात बसलेला असायचो आणि कोणीतरी डावीकडचं जनेल उघडायचं. वारा आत यायचा आणि डाव्या डोळ्यात जायचा. मी म्हणायचो, जनेल लावा रे. कोणी लावायचं नाही. रोज तेच जनेल, रोज डावीकडचं. पण स्वप्नाचा काही आकडा नसतो, म्हणून मी ते वहीत लिहिलं नाही.

पंधरा दिवसांनी मी मास्क घेऊन पुन्हा म्हापशाला गेलो. दुकानातल्या माणसाने माझ्याकडे जरा मान तिरकी करून बघितलं.

"सर, रागावू नका. मिशी काढून टाका की. केसांतनं हवा पळतीय बघा."

हे मला पटलं. मिशी दाट होती, गादीची कड तिच्यावरच टेकत होती, आणि दोन केसांच्या मधून हवा जाणार हे साधं गणित आहे. रविवारी सकाळी सहा वाजता मी न्हाणीत उभा राहून, कात्रीने आधी आणि वस्तऱ्याने नंतर, अठराव्या वर्षापासून ठेवलेली मिशी काढली. वरचा ओठ उघडा पडला. तो मला अनोळखी वाटला, पाण्याखाली बघितलेल्या दगडासारखा फिकट. मास्क लावून बघितला. छान बसल्यासारखा वाटला. मी खुशीत बाहेर आलो.

बायको फुलं घेऊन येत होती. माझ्याकडे बघून जागीच थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "आज पार्श्याला जायचंय. मामांकडे. याद आसा न्हय?"

मामा म्हणजे तिचे सासरे, माझे वडील. पार्श्याच्या आमच्या घरी ते एकटे राहत आणि महिन्यातून एकदा आम्ही दोन दिवसांसाठी जात असू. तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. आमच्याकडे बाप जिवंत असलेला मुलगा मिशी काढत नाही. ती एकदाच निघते, बापाचे दिवस करताना. सगळं गाव ती खूण वाचतं. गेल्या पंधरा दिवसांतले गळतीचे सगळे आकडे मला तोंडपाठ होते, आणि ही एक गोष्ट मी विसरलो.

"रुमाल धरा तोंडार," बायको म्हणाली. "दातदुखी म्हणू या."

डिचोली ते म्हापसा, म्हापसा ते पार्से, मी तोंडावर रुमाल आणि मांडीवर मशीनची पिशवी घेऊन बसलो. दुसऱ्या बसमध्ये मला झोप लागली. रुमाल गळून पडला असणार, कारण पार्श्याला उतरलो तेव्हा रस्त्याच्या कडेला काजू घेऊन बसलेली ओळखीची म्हातारी माझ्याकडे बघून उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हलक्या आवाजात विचारलं, "केन्ना रे, पुता?"

मी ओठाला हात लावला. "तसं काय ना, मावशी. बाबा बरे आसात. हें मशिनीखातीर." तिला ते कळण्यासारखं नव्हतं. तिच्यामागे उभा असलेला एक स्कूटरवाला पुरतं ऐकूनही न घेता किक मारून आमच्या घराच्या दिशेने गेला.

आम्ही चालत पोचलो तर अंगणात दोन शेजारी चपला काढून, खाली मान घालून उभे होते आणि वडील बाहेरच्या कदेलीवर, लाकडी खुर्चीवर, बसून त्यांना झापत होते. मला बघताच हात वर करून म्हणाले, "पळयात, आयलो! म्हज्या मरणाची खबर घेवन खुद्द आयलो!"

शेजाऱ्यांपैकी एक म्हणाला, "तात्या, आमी धांवत आयले. आतां चाय तरी दिया."

"चाय बाराव्याक," वडील म्हणाले. "तोमेरेन वचात घरा."

तोवर थांबतो म्हणत ते दोघे हसत गेले. अंगण रिकामं झालं तसा वडिलांचा आवाज उतरला. आपल्या ओठावर बोट ठेवून त्यांनी नुसतं विचारलं, "खंय गेली?" मी मशीनचं, गळतीचं, म्हापशाच्या माणसाचं सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "म्हजी हांवें बापायच्या दिसा काडिल्ली," ते म्हणाले. "तूं आदींच सुटलो मरे." बायको आत निघून गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

जेवणं झाली. दुपारी आमच्याकडे सगळं गाव आडवं होतं. बाहेर ऊन पांढरं झालेलं, काजूच्या बागांकडून पिकलेल्या बोंडांचा आंबूस, जड वास येत होता. माझे डोळे मिटत होते. वडील म्हणाले, "दाखय पळोवया तें तुजें यंत्र."

मी पिशवी उघडली. मशीन त्यांनी बाजूला सारलं आणि मास्क हातात घेतला. सिलिकॉनची कड दोन बोटांत धरून, डोळे मिटून, ते ती दाबत सोडत राहिले. वडिलांनी पस्तीस हंगाम डोंगराच्या पायथ्याशी काजूची भट्टी चालवली. रस उकळायचं मोठं भाण, त्याच्या तोंडाला नळी, नळीतून वाफ जाऊन पलीकडच्या मडक्यात थंड व्हायची. भाण आणि नळी जिथे जुळतात ती फट ते चिंधी आणि वारुळाच्या मातीने लिंपायचे. तिथे सुईएवढं छिद्र राहिलं तरी अर्धी फेणी हवेत जायची. अख्खा डोंगर घमघमायचा आणि मडक्यात थेंब पडायचा नाही. लहानपणी मी तो वास घेत भट्टीपाशी कित्येकदा पेंगलो आहे.

मी वही काढून मापांचं पान त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी चष्मा लावला नाही.

"हें खंय मापलें?"

"घरी. मेजाशी बसून."

"बसून?"

"हय."

सकाळपासून ते पहिल्यांदा हसले. "आनी तूं न्हिदता बसून काय रे?"

मी सोप्यातल्या बाकावर आडवा झालो. त्यांच्या सांगण्यावरून वरची कवळीही काढली, कारण झोपताना मी ती काढतो. डावीकडच्या तीन दाढा माझ्या कधीच गेल्या आहेत. पिशवीतला व्हर्नियर मी मागून घेतला आणि बायकोने आरसा धरला. उताणं पडल्यावर, कवळीशिवाय, माझा डावा गाल मागे कानाकडे ओघळत होता आणि जबडा सैल होऊन खाली जात होता. ब्याण्णवचे सत्त्याण्णव झाले होते. मी जो चेहरा मोजला होता तो कधी झोपतच नव्हता. झोपणारा चेहरा निराळा होता, आणि त्याची मापं माझ्याकडे नव्हती.

वडिलांनी पिशवीच्या तळातली मोठी गादी काढली. ती चढवून मास्क माझ्या तोंडावर ठेवला आणि पट्ट्यांवरच्या माझ्या पेनाच्या खुणा एकेक करून सगळ्या सैल सोडल्या.

"बाबा, इतकं सैल?"

"थंड भाणाक कोण लिंपता? वाफ येवं दी."

बायकोने मशीन चालू केलं. हवा आली. आवळलेल्या पट्ट्यांखाली मी तिला कधी जागाच दिली नव्हती. आता गादी हवेने भरली, जराशी उचलली गेली आणि सगळीकडून सारखी टेकली. वडिलांनी बोट भांड्यातल्या पाण्यात बुडवलं आणि ओल्या बोटाची पाठ मास्कच्या कडेने फिरवू लागले, नाकाच्या मुळापासून, उजव्या गालावरून, हनुवटीखालून. बोट ओठाच्या वर, जिथे मिशी होती तिथे, क्षणभर थांबलं. तिथे काही नव्हतं. हवा पळत नव्हती. ते पुढे गेलं आणि डाव्या गालाच्या खळग्यापाशी थांबलं.

"हांगा," ते म्हणाले. "गार लागता."

डावीकडची खालची पट्टी त्यांनी आवळली नाही, फक्त दोन बोटांइतकी खाली सरकवली. शिटी बंद झाली. मशीनचा नुसता बारीक सूर राहिला. त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि मिशीच्या जागी टेकवलं.

"हिची कायच चूक ना. परत वाडय. ती येता तोमेरेन हांव थांबतां."

मला मास्कमध्ये हसू आलं तसा तो सरकला, आणि "हांसूं नाका, मामा परत लावपाक बसतले," अशी बायको ओरडली. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कौलांमधल्या काचेतून पडलेला उन्हाचा चौकोन. बायकोचा आवाज, "मामा, तुमी हांगा बसतात न्हय?" वडिलांचा हुंकार. कदेल ओढल्याचा आवाज. मग पाणी आलं. आवाज न करता, तळातून वर, उबदार. बार्ज निघाली तशी सरळ नदीत लागली. या वेळी तिच्यावर खनिज नव्हतं, ती रिकामी, हलकी, पाण्याच्या वर वर राहून जात होती. कोणी जनेल उघडलं नाही. दोन्ही काठांवर माणसं आपापली कामं करत होती, आणि माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

जाग आली तेव्हा उन्हाचा चौकोन जमिनीवरून निघून भिंतीवर चढला होता. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी अडीच तास झोपलो होतो, मध्ये एकदाही न उठता. डोकं इतकं हलकं होतं की ते आपलंच आहे का म्हणून मी हात लावून बघितला. मशीनवर गळतीचा आकडा सहा होता.

बायकोला सांगावं म्हणून मान वळवली. ती खाली चटईवर, माझ्याकडे तोंड करून, हाताची उशी करून झोपली होती. झोपेत एक पाय चटईच्या बाहेर गेला होता. तिचं तोंड उघडं होतं. इतकं गाढ झोपलेलं तिला मी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. पहाऱ्यावर तिने वडिलांना बसवलं होतं म्हणून कदेलीकडे बघितलं, तर पाण्याचं भांडं मांडीवर धरून, हनुवटी छातीवर टेकवून, तेही झोपले होते.

म्हणजे मध्ये कधीतरी, किती वेळ ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं, माझा श्वास ऐकायला त्या घरात एकही माणूस जागं नव्हतं. आणि मी श्वास घेत होतो.

रस्त्यावर लांब पदेराचा भोंगा वाजला. संध्याकाळचे पाव घेऊन तो सायकलवरून एकेका घराशी थांबत येत होता. मी मास्क काढला, वडिलांच्या मांडीवरचं भांडं अलगद उचलून खाली ठेवलं, आणि तो आमच्या दारात येऊन भोंगा वाजवायच्या आत त्याला गाठावं म्हणून अनवाणीच बाहेर पडलो.